कसातून कस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त होसकोटे येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून वक्त्याने गतकाळाचे स्मरण करावे, संस्थापकांचे ऋण मानावे आणि पुढील पन्नास वर्षांसाठी शुभेच्छा द्याव्यात, असा रिवाज आहे. तो रिवाज आमच्याआधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पाळला आहे. आम्ही मात्र आज कचऱ्याविषयी बोलणार आहोत. कार्यक्रमपत्रिकेत आमचा विषय वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘अहो, पंगतीच्या आधी हे कशाला?’ त्यांना आम्ही एवढेच म्हणालो, की पंगत उठल्यानंतर पानात जे उरते, त्याचे पुढे काय होते, हाच आमचा विषय आहे. तेव्हा तो पंगतीच्या आधीच मांडलेला बरा.

आरंभ एका शब्दापासून करू. ह्या प्रांतात आल्यावर आपल्या सर्वांच्या कानांवर पडलेल्या पहिल्या काही कानडी शब्दांत ‘कस’ हा एक शब्द असतो. सकाळी गाडी येते, दारावर हाक येते आणि आपण डबा घेऊन धावतो. हसी कस म्हणजे ओला कचरा, ओण कस म्हणजे सुका. मराठीत कस म्हणजे काय, हे आपल्याला सांगावयास नको. जमिनीचा कस, सोन्याचा कस, माणसाचा कस. एका भाषेत जे टाकून द्यावयाचे, तेच दुसऱ्या भाषेत वस्तूचे सत्त्व ठरते. हा निव्वळ उच्चारांचा योगायोग आहे, ह्यातून व्युत्पत्ती काढण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु कानडी माणसानेही ‘कसदिंद रस’ अशी म्हण करून कचऱ्यातून सार निघते हे सांगून ठेवलेच आहे. दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही गोष्ट दुप्पट कळावयास हवी.

आता जेथे आपण जमलो आहोत त्या गावाकडे पाहू. होस म्हणजे नवे आणि कोटे म्हणजे कोट. १६३८ साली रणदुल्लाखानाने बंगळूर घेतल्यानंतर हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला, तेव्हा बंगळूरबरोबर होसकोटे आणि कोलारही त्या जहागिरीत होते. मराठी माणसाचा ह्या मातीशी असलेला संबंध असा जुना आहे. ही माती मात्र आपल्या देशावरच्या काळ्या मातीसारखी नाही. ती तांबडी आहे, पाणी फार काळ धरून ठेवत नाही, सेंद्रिय अंशही तिच्यात बेताचाच असतो. तिला वरचेवर खत घालावे लागते. अशा मातीतून येथील शेतकरी नाचणी काढतो, भाजीपाला काढतो आणि बंगळूरच्या बाजारात पाठवितो. आपल्या घरातील टोमॅटो, घेवडा, कोथिंबीर ह्याच बाजूच्या शेतांतून आलेली असण्याचा संभव पुष्कळ.

भाजी शहरात गेली. तिच्या साली, देठे आणि उरलेसुरले अन्न कोठे गेले? पुष्कळ वर्षे त्याचे उत्तर येथून जवळच असलेले मंडूर हे गाव होते. बंगळूरचा कचरा ट्रकांच्या रांगांनी मंडूरला येऊन पडत असे. त्यात अन्न होते, प्लॅस्टिक होते, काच होती, औषधांच्या बाटल्या होत्या, सर्व एकत्र. गावकऱ्यांनी दुर्गंधी सोसली, माशा सोसल्या, जमिनीखालचे पाणी बिघडल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली आणि अखेरीस २०१४ साली रस्ता अडवला. १ डिसेंबर २०१४ पासून मंडूरला कचरा टाकणे बंद करण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले. ज्या मुलखाने शहराला भाजी दिली, त्याच मुलखाला शहराने तिची साल विषात कालवून परत केली, असा हा व्यवहार होता. साल निराळी ठेवली असती तर ती खत होऊन त्याच शेतात गेली असती.

हे ज्ञान नवे नाही. कंपोस्टच्या शास्त्राचा इतिहास तर आपल्या अंगणातला आहे. होळकरांच्या इंदुरात १९२४ साली शेतीसंशोधनाची एक संस्था उभी राहिली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी पालापाचोळा, शेण आणि काडीकचरा ह्यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने वरखाली करून खत करण्याची रीत बसविली. १९३१ साली त्या दोघांच्या नावे ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ती ‘इंदूर पद्धती’. पुढे १९३९ च्या सुमारास सी. एन. आचार्य ह्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शहरी कचऱ्यासाठी दुसरी रीत सिद्ध केली. खड्ड्यात थर भरावयाचे, वरून माती लिंपावयाची आणि सहाआठ महिने हात लावावयाचा नाही. ती ‘बंगळूर पद्धती’. शेतकी महाविद्यालयात शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ही दोन्ही नावे पाठ करतो. कर्नाटक सरकारने कंपोस्टसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले ते १९७५ साली, म्हणजे त्यालाही अर्धशतक उलटले.

त्यामागील तत्त्व सोपे आहे. ओल्या कचऱ्यात नत्र अधिक असते, वाळल्या पानांत कर्ब अधिक असतो. पंचवीस ते तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असे प्रमाण राहिले, ओल बेताची राहिली आणि हवा खेळती राहिली, म्हणजे सूक्ष्म जीव कामाला लागतात. ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, रोगजंतू व तणांचे बी मरते आणि काही महिन्यांत मातीचा वास येणारे काळे खत हाती येते. हेच अन्न दाबून, हवा कोंडून, मोठ्या ढिगात सडू दिले तर त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वायू कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे एकाच सालीच्या दोन गती आहेत, आणि त्यांपैकी कोणती ती आपल्या स्वयंपाकघरात ठरते.

शास्त्र होते, महामंडळ होते, मग मंडूर का झाले? आमच्या मते ह्याचे कारण असे, की ह्या सर्व योजनांत शास्त्रज्ञाला जागा होती, अधिकाऱ्याला होती, पुढे कंत्राटदारालाही मिळाली; पण ज्या हातांनी कचरा उचलला त्या हातांचा मालक म्हणून कोणीच विचार केला नव्हता. हे हात कोणाचे आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. उच्चारावयाचे मात्र आपण टाळतो. ते बहुतेक दलित समाजातील स्त्रियांचे हात आहेत.

ह्या बाबतीत पुण्याचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे पुण्यामुंबईकडे आली. त्यांतील मातंग व बौद्ध समाजातील अनेक स्त्रियांना शहरात जे एकच काम विनाभांडवल मिळाले, ते कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचण्याचे. १९९३ साली डॉ. बाबा आढाव ह्यांच्या पुढाकाराने आणि एस. एन. डी. टी. विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. ह्या संघटनेने पहिली गोष्ट मागितली ती ओळखपत्राची; मदत नव्हे. आम्ही चोर नाही, आम्ही काम करतो, हे गावाने मान्य करावे, एवढीच ती मागणी होती. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेशी तिचा करार झाला. कुंडीत उतरणारी बाई दारावर येऊ लागली. घरागणिक ठरलेले शुल्क तिला थेट मिळू लागले, सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही तिचेच. आज तीन हजारांहून अधिक सभासद असलेल्या ह्या संस्थेत कचरा वेचणारी स्त्री नोकर नाही, भागधारक आहे.

मुंबईत हेच काम ‘स्त्री मुक्ती संघटने’ने केले. ‘मुलगी झाली हो’ हे नाटक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल; त्याच्या लेखिका ज्योती म्हापसेकर ह्यांच्या संघटनेने १९९९ च्या सुमारास ‘परिसर विकास’ हा उपक्रम सुरू केला. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना ‘परिसर भगिनी’ हे नाव दिले आणि खत करणे, वायुसंयंत्र चालविणे, वसाहतींची बाग राखणे अशी कामे शिकवून त्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या.

पुण्याचे हे बीज बंगळुरातही रुजले, हे आपल्याला विशेष कळावे. पंचायतीच्या उभारणीत असलेल्या नलिनी शेखर पुढे बंगळुरास आल्या आणि येथील कचरावेचकांच्या संघटनेत त्यांनी पुढाकार घेतला. २०११ साली तत्कालीन महानगरपालिकेने कचरावेचकांना ओळखपत्रे दिली. ‘हसिरु दळ’ ही संस्था आकाराला आली. हसिरु म्हणजे हिरवे. प्रभागांतील सुक्या कचऱ्याची केंद्रे कचरावेचकच चालवू लागले. त्यांतील एक केंद्रचालक २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेला जाऊन आले. त्याच वर्षी संस्थेच्या कार्यातून एक स्वतंत्र उद्योगसंस्था निघाली. ती गृहसंकुलांचा ओला कचरा उचलून त्याचे खत व्हावे अशी व्यवस्था करते आणि कचरावेचकांना उद्योजक म्हणून उभे करते. कायद्याचेही पाठबळ मिळाले. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१२ साली कचरा घरातच वेगळा करावा असा आदेश दिला. २०१५ च्या डिसेंबरात दोन डबे आणि एक पिशवी ही रीत घालून दिली. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचरावेचकांना प्रथमच व्यवस्थेत स्थान दिले.

आपल्यापैकी कित्येकांची मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केला, तेव्हा त्यांनी हे दोन समाज एका सूत्रात गोवले होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेंफिस शहरात पाऊस चुकविण्यासाठी कचरागाडीत शिरलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार गाडीच्या दाबयंत्रात सापडून मरण पावले. सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या गळ्यातील फलकांवर एकच वाक्य होते: मी माणूस आहे. त्यांना पाठिंबा द्यावयास आलेले मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची ४ एप्रिल रोजी त्याच शहरात हत्या झाली. त्यानंतर दोन पिढ्यांनी डेट्रॉइटमध्ये पॅशन मरे ह्या कृष्णवर्णीय स्त्रीने शहरातील उरलेले अन्न गोळा करून खत करण्याचा स्वतःचा उद्योग उभारला. बॉल्टिमोरमध्ये कृष्णवर्णीय तरुणांच्या एका मंडळीने घरोघरच्या साली गोळा करून वस्तीतील बागेत खत करण्यास आरंभ केला. कचऱ्याखाली मेलेल्यांची नातवंडे कचऱ्याच्या धंद्याची मालक झाली. तेथील सुजाण नागरिक आपल्या घरचा ओला कचरा कोणाला द्यावयाचा, हे ठरविताना हाही विचार करू लागले आहेत. तो आपणही करावा, एवढेच आमचे मागणे आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला गलिच्छ कामे सोडा असे सांगितले. मग त्याच समाजाला कचऱ्यातच ठेवून त्याचे कौतुक करणे हा त्यांच्या शिकवणुकीचा द्रोह नव्हे काय? आम्हांला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. आता आम्हांला असे वाटते, की बाबासाहेबांचा विरोध जन्माने लादलेल्या, मोबदला नसलेल्या आणि नकार देण्याची मुभा नसलेल्या कामाला होता. काम तेच राहून ही तीन बंधने तुटली पाहिजेत. मोबदला ठरलेला हवा, हातात हातमोजे हवेत, करारावर स्वतःची सही हवी आणि मुलांना दुसरे काही होण्याचे स्वातंत्र्य हवे. ह्यांतील एकही गोष्ट नसेल तर आक्षेप खराच ठरतो. कचऱ्याला मोल येऊ लागले, की मोठे भांडवल त्यावर झडप घालते, आणि इतकी वर्षे ज्यांनी तो फुकट वाहिला त्यांनाच रोजंदारीवर उभे राहावे लागते. पुण्यातील कराराची मुदत २०२० च्या अखेरीस संपली, तेव्हा हजारो स्त्रियांची रोजी किती कच्च्या धाग्यावर आहे हे सर्वांना दिसले. कराराच्या मागे नागरिक उभे नसतील तर तो धागा केव्हाही तुटेल.

आता स्वतःच्या एका चुकीची कबुली. काही वर्षांपूर्वी आपल्याच गणेशोत्सवातील महाप्रसादानंतर आवराआवर करण्याचे काम आमच्याकडे होते. रात्र झाली होती, सर्व थकले होते. केळीची पाने, उरलेला मसालेभात, निर्माल्य, कागदी पेले आणि सजावटीतला एक फुटलेला दिवा, सर्व आम्ही एकाच काळ्या पिशवीत कोंबले आणि तोंड बांधून ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीबरोबर आलेल्या अक्कांनी ती पिशवी उघडली आणि त्यांच्या बोटाला काच लागली. त्यांनी पदराची चिंधी फाडून बोट बांधले. आम्ही ओशाळून खिशात हात घातला. त्यांनी पैसे घेतले. नाकारण्याइतकी त्यांची परिस्थिती नव्हती. मग पिशवी तशीच उघडी ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ऊट बेरे, गाजु बेरे इडी.’ अन्न वेगळे ठेवा, काच वेगळी ठेवा. आपण त्यांना पैसे दिले ते दया म्हणून. त्यांनी मागितली ती शिस्त. एवढी वर्षे अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारे आम्ही, त्या अन्नात काच मिसळून मोकळे झालो होतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या ह्या वर्षी आम्ही मंडळापुढे चार गोष्टी ठेवतो. पहिली अशी, की आपल्या प्रत्येक घरी ओला, सुका आणि टाकाऊ असे तीन भाग आजपासून निराळे राहावेत. दुसरी, ज्या गृहसंकुलांत आपले सभासद समितीवर आहेत, तेथे कचऱ्याचे कंत्राट देताना सर्वांत स्वस्त कोण एवढेच न पाहता, काम करणाऱ्यांची त्या धंद्यात मालकी आहे काय, हा प्रश्न विचारला जावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहिले जावे. तिसरी, मंडळाच्या प्रत्येक पंगतीचा ओला कचरा कचरावेचकांच्या संस्थेकडे रीतसर शुल्क देऊन सोपवावा. हे शुल्क देणगीच्या खात्यात दाखवू नये. मंडपवाल्याचे आणि आचाऱ्याचे बिल जेथे लिहितो तेथेच ते लिहावे. चौथी, तयार झालेले खत आपण विकत घ्यावे. आपल्या तुळशीला आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालून जे उरेल, ते ह्या होसकोट्याच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचवावे. भाजी जेथून आली तेथे तिचे ऋण परत जाईल.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपण सर्व गाव सोडून आलेली माणसे आहोत. आपल्याला येथे येताना पदवी होती, नोकरीचे पत्र होते आणि स्थानकावर उतरवून घ्यावयास मंडळाचे कोणीतरी होते. मराठवाड्यातून पुण्याला गेलेली ती बाई आणि तमिळ किंवा तेलुगू मुलखातून बंगळुराला आलेली आपली अक्का, ह्यांनीही गावच सोडले. त्यांना उतरवून घ्यावयास मात्र कोणी नव्हते. परमुलखात माणसाला आधी काय हवे असते, हे पन्नास वर्षे मंडळ चालविणाऱ्यांना कोणी शिकवावयास नको. आपले नाव कोणीतरी विचारावे आणि आपल्या कामाचे मोल कोणीतरी मानावे, एवढेच हवे असते.

आज पंगतीच्या शेवटी मागील दाराजवळ तीन पिंपे ठेवलेली दिसतील. त्यांवर मराठीत आणि कानडीत लिहिले आहे. आपण आपले पान स्वतः उचलावे आणि योग्य त्या पिंपात टाकावे. उद्या सकाळी सात वाजता ते न्यावयास ज्या भगिनी येणार आहेत त्यांना आम्ही चहाला बोलावले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी यावे.